सासऱ्यांनी न मारलेली उडी

आमचे हे शनिवार पेठेतले आणि मी यवतमाळकडची. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, ह्या घरात सगळे एकमेकांवर रुसलेले आहेत. भाजी कशी झालीय असं विचारलं, की हे म्हणायचे, "झालीय." बस, एवढंच. मी आत जाऊन डोळे पुसायची. पुढे कळलं, "झालीय" म्हणजे उत्तम झालीय आणि "बरी आहे" म्हणजे बिघडलीय. मीठ जास्त पडलं तर, "पुण्याला समुद्र नाही म्हणून घरीच केलास का?" आमच्याकडे माणूस प्रेमाने बोलला तरी चार घरं ऐकू जातं आणि रागाने बोलला तरी. इथे दोन्ही एकाच सुरात. कोण काय म्हणतंय ते तुम्ही ओळखायचं. मी ओळखायला शिकले. चाळीस वर्षांत कोणीही शिकेल म्हणा.

तर अशा माणसाची वाचा गेली.

गेल्या वर्षीची गोष्ट. सकाळी हे पेपर वाचत बसले होते. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, अजून चहा हवाय का?" हे म्हणाले, "मंगळवार." त्या दिवशी होता शुक्रवार. मी मनात म्हटलं, झाली ह्यांची सुरुवात! मंगळवारी दूध नासलं होतं आणि दुसरा चहा मिळाला नव्हता, त्याचा हा टोमणा. मीही ठसक्यात म्हणाले, "हवा की नको ते सरळ सांगायला काय जातं हो तुमचं?" तर पुन्हा, "मंगळवार." मी पदराला हात पुसत बाहेर आले, आता ऐकवतेच म्हणून, आणि पाहते तर ह्यांच्या ओठाची उजवी कड खाली ओघळलेली, पेपर मांडीवरून घसरतोय आणि तो धरायला त्या बाजूचा हात उठत नाहीये. दुसऱ्या कुठल्याही घरात बायकोला पहिल्याच शब्दाला धस्स झालं असतं. मला तो टोमणा वाटला. पुण्यात संसार केला की असं होतं.

शेजारच्यांनी गाडी काढली म्हणून वेळेत पोहोचलो. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती, ती औषधाने विरघळली. ह्यांचा हात हळूहळू उठायला लागला, हे चालायला लागले, चेहराही बराच सरळ झाला. पण बोलणं काही परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतं. फक्त बोलायला शब्द सापडत नाहीत. पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत. पुढे किती सुधारेल ते आत्ता नाही सांगता येणार." डॉक्टरांनी नीटच सांगितलं, पण मला त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

घरी आल्यावर ह्यांच्याकडे शब्द एकच होता. पाणी हवं, मंगळवार. पंखा बंद कर, मंगळवार. चप्पल कुठे गेली, मंगळवार. आपण चुकीचं बोलतोय हे त्यांना कळायचं, हा तर सगळ्यात वाईट भाग. शब्द तोंडातून सुटला की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी दुसरीकडे बघायची. भेटायला येणारी माणसं ह्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायची, जसं काही कानच गेले आहेत. एकजण तर अगदी तोंडाशी तोंड नेऊन म्हणाले, "ओ-ळख-लं-त का म-ला?" ह्यांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. पूर्वीच्या दिवसांत ह्या प्रश्नाला जे उत्तर मिळालं असतं ना, त्याने ते गृहस्थ वर्षभर आमच्याकडे फिरकले नसते. आणि मी आत जाऊन तोंडात पदराचा बोळा कोंबून हसले असते. ते उत्तर आत कुठेतरी तयार होतं, मला दिसत होतं, पण ते बाहेर येईना. बाप्पा! एवढी घुसमट मी कधी पाहिली नव्हती.

मुलगी परदेशात असते. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबांचे बोलतानाचे जुने व्हिडिओ असतील ना? ते दाखव त्यांना." मी शोधले. होय, व्हिडिओ होते. सगळ्या लग्नामुंजींमध्ये हे मागच्या खुर्चीत बसलेले आणि तोंड मिटलेलं. एकाच ठिकाणी आवाज सापडला. कॅमेरा जवळ आल्यावर हे म्हणतात, "बंद कर ते." घरी पाहुण्यांसमोर एवढ्या गोष्टी सांगणारा माणूस, आणि त्याचं शिल्लक काय, तर बंद कर ते!

त्या दिवशी मला खरी भीती वाटली. जीव जाण्याची भीती हॉस्पिटलात वाटून गेली होती, ही वेगळी होती. शनिवार पेठेतल्या दोन खोल्या, एकाच सायकलवर शाळेला जाणारे तीन भाऊ, कचेरीतल्या साहेबाचा विग पंख्याने उडाला तो दिवस, हे सगळं ह्यांच्या जिभेवर होतं, दुसरं कुठे नव्हतंच. कोणी लिहून ठेवलं नव्हतं. आमच्या नातीला आजोबा म्हणजे काय आठवणार? मंगळवार म्हणणारे एक म्हातारे गृहस्थ? नाही म्हणजे नाही, हे मला चालणार नव्हतं.

बोलणं सुधारायला शिकवणारी एक मुलगी घरी यायची. आता आम्ही राहतो त्या कर्वेनगरात कॉलेजच्या पोरी दिसतात तशीच, पाठीवर सॅक आणि तोंडात निम्मं इंग्रजी. पहिल्याच दिवशी तिने ह्यांना तेराचा पाढा म्हणायला लावला आणि माझ्या डोळ्यांदेखत हे तेर एक तेर पासून एकशेतीसपर्यंत धडाधड म्हणून गेले! माझ्या हातातली बशी पडायची राहिली. मी म्हटलं, "आलं की बोलणं!" ती म्हणाली, "काकू, हे ऑटोमॅटिक असतं. पाढे, आरती, वारांची नावं. ते डोक्यात वेगळ्या ठिकाणी असतं. प्लीज एक्साइट नका होऊ." आणि खरंच, पाढा संपल्यावर ह्यांनी पाणी मागितलं ते मंगळवार म्हणूनच.

मग तिने मला काम दिलं. "काकू, काकांच्या स्टोरीज असतील ना, नेहमी सांगायचे त्या? त्या लिहून काढा. रोज एक वाचून दाखवा. वाक्य अर्धं म्हणायचं आणि शेवटचा शब्द काकांवर सोडायचा. स्वतःची गोष्ट असली की शब्द लवकर सापडतो."

लिहायचं म्हणजे कशावर, तर पाठकोऱ्या कागदांवर. ह्यांनी आयुष्यभर पाठकोरे कागद जमवले. विजेची बिलं, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा, एका बाजूने छापलेलं जे जे घरात आलं ते कात्रीने सारखं करून क्लिपला लावलेलं. मी जन्मभर त्या गठ्ठ्याला नावं ठेवली. आता नवी वही आणायला गेले असते तर ह्यांनी डोळ्यांनीच विचारलं असतं, "हे काय थोडे आहेत?" म्हणून त्यांच्याच कागदांवर त्यांच्या गोष्टी लिहायला बसले.

आणि काय सांगू, लिहिता येईना. ज्या गोष्टी ऐकून ऐकून कान किटले होते, पाहुण्यांसमोर हे सुरू झाले की मी पुढचं वाक्य मनातल्या मनात म्हणायची, त्या कागदावर उतरेनात. साहेबाचा विग उडाला, बरं. पंखा कोणी लावला? खिडकी उघडी होती का? विग पडला कुठे? मला आठवत होता तो ह्यांचा सूर, मध्येच थांबायची लकब, चष्म्यावरून पाहणं. ते कसं लिहिणार? मी लिहायची, फाडायची, पुन्हा लिहायची. हे समोर बसून बघायचे. कागद फाडला की कपाळाला आठी पडायची. माणूस बोलत नव्हता, पण कागदाची नासाडी सहन होत नव्हती.

वाचून दाखवायला लागले तर पहिले काही दिवस नुसतं ऐकायचे. "आणि साहेबाचा विग थेट पडला तो…" असं म्हणून मी थांबायची. हे ओठ हलवायचे, मान ताठ करायचे, घाम फुटायचा. मग म्हणायचे, "मंगळवार." आणि खिडकीकडे तोंड. एकदा डोळ्यांत पाणी आलं. मला तर वाटायला लागलं, हा छळच चाललाय. आपल्याच गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायच्या आणि एका शब्दाने हातभार लावता येऊ नये. मी त्या मुलीला म्हटलंही, "पुरे करू या." ती म्हणाली, "अजून थोडे दिवस, काकू." तिच्या आवाजातही दम नव्हता.

मग मी कालव्याची गोष्ट लिहिली.

ही ह्यांची सगळ्यात लाडकी. लहानपणी सुट्टीच्या दिवशी सासरे मुलांना पर्वतीकडच्या कालव्यावर पोहायला न्यायचे. पाठीला पत्र्याचा बंद डबा बांधायचा आणि पाण्यात सोडायचं, अशी शिकायची पद्धत. एकदा डब्याची दोरी सैल झाली आणि हे गटांगळ्या खायला लागले. गोष्ट मला पाठ होती. निदान मला तसं वाटत होतं. मी झरझर लिहिलं. पोरगं बुडतंय म्हटल्यावर सासऱ्यांनी टोपी भिरकावली, नेसत्या धोतरानिशी पाण्यात उडी घेतली, ह्यांना छातीशी कवटाळून काठावर आणलं आणि त्या करारी माणसाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. लिहिता लिहिता मलाच हुंदका आला. चांगलं जमलंय असंही वाटलं.

संध्याकाळी वाचायला घेतलं. डबा झाला, दोरी झाली. "मामंजींनी टोपी भिरकावली, आणि नेसत्या धोतरानिशी…"

"नाही!"

मी दचकले. हे खुर्चीत ताठ झालेले, चेहरा लालबुंद. टेबलावर हात आपटून पुन्हा, "नाही!"

अहो, इतक्या आठवड्यांत ऐकलेला मंगळवार सोडून हा पहिला शब्द! पण मला तेव्हा त्याचं भानच नाही. मी लेखिका झाले होते ना, माझ्या उत्तम उताऱ्याला कोणी नाही म्हणतंय ह्याचाच राग आला. मी चिडले की यवतमाळ बाहेर येतं. म्हणाले, "काऊन नाही? पोट्टं बुडून राहिलं अन् बाप काय काठावर उभा राहीन?"

"उभा," हे म्हणाले. "उभा! छ… छ…"

"छातीशी धरलं ना?"

"नाही! छ…" त्यांनी उठून दाराकडे बोट केलं. दारामागच्या खुंटीला छत्री लटकत होती.

"छत्री?"

"छत्री!" आणि हे धपकन खाली बसले.

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. मी काहीतरी चुकीचं कागदावर उतरवलंय, आणि ते तसंच राहणार, हे त्यांना सोसवत नव्हतं. शब्द शब्द ओढून काढत होते, विहिरीतून भरलेली बादली वर घ्यावी तसे. मध्ये चारदा मंगळवार आला, तो त्यांनी स्वतःच हाताने झटकून टाकला. आणि त्यातून मला जे कळलं ते असं. सासऱ्यांनी उडी बिडी मारली नव्हती. टोपीसुद्धा जागेवर होती. त्यांनी काठावरून वाकून छत्रीची वाकडी मूठ डब्याच्या दोरीत अडकवली, पोराला ओढून काठाशी आणलं, दोरी पुन्हा घट्ट बांधली, आणि मग…

"मग काय म्हणाले?" मी विचारलं.

ह्यांनी डोळे मिटले. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचं ते टीं-टीं संपेपर्यंत मी श्वास धरून बसले होते. आणि मग हे म्हणाले, थांबत थांबत, पण सगळं म्हणाले, "भिजलाच आहेस… तर पलीकडे… जाऊन ये."

आख्खं वाक्य! मी हसायला लागले, मग रडायला, मग दोन्ही. चाळीस वर्षं ही गोष्ट मी ऐकत आले, पाहुणे हसायचे तेही ऐकत आले, आणि डोक्यात मात्र प्रत्येक वेळी सासऱ्यांना उडी मारायला लावत आले. आमच्याकडे बापाने उडी मारली असती, त्याच्यामागे काकाने मारली असती, आईने काठावर ऊर बडवून घेतला असता आणि गाव गोळा झाला असता. बाप असा छत्री घेऊन उभा राहतो हे माझ्या मनाने कधी घेतलंच नव्हतं. "आणि मग तुम्ही गेलात पलीकडे?" ह्यांनी मान हलवली, आणि ओठ असे काही मुडपले, की मला दिसलं, त्या दिवसाचा अभिमान अजून ताजा आहे. सासऱ्यांनी उडी मारली असती तर हे पोहायला शिकले नसते.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली. ह्यांनी तिला ऐकवलं, "छत्री. उभा. नाही." तिने सॅक खाली टाकली. "काकू, काय केलंत काय तुम्ही?"

"चुकीचं लिहिलं," मी म्हणाले.

"मग अजून चुका करा!"

मला काय, कामच मिळालं. मी त्या दिवशी ठरवून चुका पेरल्या. तीन भावांना दोन केलं, शनिवार पेठेची कसबा पेठ केली, साहेबाच्या विगच्या जागी फेटा घातला. वाचायला लागले तर पहिल्याच चुकीला हे माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, "मुद्दाम." दुसरा एक शब्द बोलले नाहीत. शनिवार पेठेला असं सोपं गंडवता येत नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, ठीक आहे, खऱ्या चुका होतील तेव्हा बघू. आणि खऱ्या चुका माझ्याकडे भरपूर निघाल्या. ज्या गोष्टी पाठ आहेत असं वाटत होतं, त्या प्रत्येकीत मी आपल्या माणसांसारखी माणसं घुसवली होती. ह्यांची आत्या माझ्या कागदावर पाहुण्यांना आग्रह करकरून वाढत होती. हे ओरडले, "आग्रह? आत्या?" दोनच शब्द, पण त्यात आत्या उभी राहिली. मी खोडलं, आणि आत्येने पाहुण्यांना विचारलं, "अजून एक पोळी लागणार आहे का?" असं लिहिलं. ह्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "झालीय."

ते ऐकलं आणि मला वाटलं, हा माणूस आता परत यायला निघालाय.

हळूहळू शब्दांची वाक्यं झाली. सगळी नाहीत. अजूनही दुपारनंतर दमले की गाडी अडते, माणसांची नावं उलटसुलट होतात. पण आता हे सांगतात आणि मी लिहिते, आणि आम्ही भांडतो. तू तुझं घालतेस, असं ह्यांचं म्हणणं. तुमचं नुसतं कोरडं हाडूक असतं, असं माझं. एक दिवस खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात भेटल्या, म्हणाल्या, "काल तुमचं भांडण ऐकू आलं हो खाली. बरं वाटलं." मलाही बरं वाटत होतं. किती बरं वाटत होतं ते मी त्यांना जिन्यात उभं राहून काय सांगणार? मी म्हटलं, "या ना चहाला," आणि वर आले, आणि भाजी निवडता निवडता लक्षात आलं, की कितीतरी महिन्यांनी माझे खांदे खाली आलेत.

परवा हे म्हणाले, "तो दिवस… लिही."

"कुठला?"

"शुक्रवार."

मी तो लिहिला नव्हता. लिहायचाही नव्हता. पण हे पेन पुढे करून बसले, तर नाही कसं म्हणू? लिहिलं. चहा विचारला तिथपासून. मला टोमणा वाटला तेही लिहिलं, त्यावर हे खुदकन हसले. पुढे शेजाऱ्यांच्या गाडीतलं लिहिलं. कर्वे रस्त्यावर सगळं तुंबलेलं, मी मागे ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली, रडतेय, देवाला हाका मारतेय. आणि ह्यांच्याबद्दल लिहिलं, की हे शांत पडून होते, डोळे उघडे होते पण त्यांना काही कळत नव्हतं, ते एक बरं झालं. ह्या एका वाक्याचा मला फार आधार होता. तेव्हापासून मी तेच धरून होते.

वाचून दाखवलं. त्या वाक्याशी आले आणि हे म्हणाले, "चूक."

"काय चूक?"

"कळत होतं."

मी कागद खाली ठेवला. हे माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत बोलत होते. एकेक शब्द पाय टेकवून, खाली घसरू न देता.

"सगळं कळत होतं. तू रडत होतीस. मला म्हणायचं होतं… आलं नाही."

"काय म्हणायचं होतं?"

मला वाटलं, अडलं. दुपार झालीय, दमले असतील, जाऊ दे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. उजवा हात.

"रडू नको," हे म्हणाले. "तेव्हा राहिलं. आता म्हणतो."

मी काय ऐकणार! ढसाढसा रडले, यवतमाळला ऐकू जाईल अशी. हे तसाच हात ठेवून बसले होते. मग मी नाक पुसलं, "त्यांना काही कळत नव्हतं" हे वाक्य खोडलं, आणि त्याच्या जागी ह्यांचं "सगळं कळत होतं"पासून "आता म्हणतो"पर्यंत, ह्यांनी म्हटलं तसंच, लिहून टाकलं.